एवढ्या पूजा कुणाच्या घरी होत नाहीत

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला हात मागे घेता येणार नाही. एका बाईला मी जवळजवळ अडीच वर्षं पाळी लांबवायच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दिल्या. तिला त्या कशासाठी लागतात हे मला बरंच आधी कळलं होतं. आणि पुढे तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं, डॉक्टर मॅडमनी मला समोर उभं करून विचारलं, तेव्हा मी ते सांगितलं नाही.

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. अंक घरी येईल तेव्हा तीही इथेच वाचेल.

मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. सत्तावीस वर्षं झाली. काउंटरमागून दिसलेल्या माणसांवर लिहा, गमतीजमती येऊ द्या, असं संपादक म्हणाले. गमती आहेत. त्यांच्यापासूनच सुरू करतो, कारण हा गुंता तिथूनच सुरू झाला असं मला वाटतं. नक्की मात्र सांगता येत नाही.

बाहेरच्याला वाटतं की आमचा धंदा औषधांचा. अर्धा धंदा न बघण्याचा आहे. कोण काय नेतं ते सगळं दिसत असतं आणि दिसलं नाही असा चेहरा ठेवावा लागतो. हे मला कोणी शिकवलं नाही, फार्मसीच्या पुस्तकात तर नव्हतंच. काउंटरवर पुरुष गिऱ्हाईक उभं असलं की बाई आधी खोकल्याचं औषध मागणार, मग बाम, मग पावडरीचा डबा हातात घेऊन उगीच त्याच्यावरचं वाचत बसणार. पुरुष गेला की हळूच, "आणि... ते द्या." मी म्हणणार, "हं." वर्तमानपत्राचा अख्खा ताव घ्यायचा, पॅडचं पाकीट आत घालून चारी बाजूंनी घडी मारायची, वर काळी पिशवी. माझ्या घड्या फार सुबक असायच्या. इतक्या, की मिठाईवाल्याने बघून मान डोलवावी.

गंमत अशी की रस्त्याने काळी पिशवी घेऊन चाललेली बाई दिसली की आत काय आहे हे सगळ्या मांडवीला कळतं. पांढऱ्या पिशवीकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं. हे माझ्या लक्षात यायला वीस वर्षं लागली. एका मासेवाल्या मावशीच्या पहिल्याच दिवशी आलं होतं. ती पाटी खाली ठेवून भर गर्दीत म्हणाली, "बांधतोस काय एवढा? बाँब हाय काय त्यात? दे असाच!" दुकानातले सगळे पुरुष एकदम घड्याळात बघायला लागले.

घरी बायकोसाठी पाकीट नेतानाही मी कागदात गुंडाळूनच न्यायचो. आमच्या घरात आम्ही दोघंच.

आता गणपतीची गोळी. आमच्याकडे गणपती म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मुंबईची सगळी माणसं घरी येणार, नैवेद्य, मोदक, आरत्या. त्यात घरातली सून नेमकी त्याच दिवसांत बाजूला बसली तर सगळ्यांचीच पंचाईत. म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मी कॅलेंडर घेऊन ज्योतिषासारखा बसलेला असतो. मागची तारीख विचारायची, पुढची काढायची, त्याच्या आधी कधी सुरू करायची ते पाकिटावर पेनाने लिहून द्यायचं. त्या पट्टीवर लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय देऊ नये, असा तिचा अर्थ. आम्ही देतो. सगळेच देतात, असं मी स्वतःला सांगायचो.

एका वर्षी एक आजोबा आले. आरतीच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून आणलं होतं. चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचायला लागले, "थोरली, सहा तारीख. मधली, अकरा. धाकटीचा काय भरवसा देता येत नाय, ती मुंबैची."

मी म्हटलं, "आजोबा, हळू. हे त्यांनी स्वतः येऊन विचारायला हवं."

"त्या लाजतात."

"आणि तुम्ही?"

"मी आता म्हातारा झालो. माझा देव बघून घेईल. तू तीन पाकिटा दे."

मी दिली. वर हिशोब चुकू नये म्हणून धाकटीला दोन दिवस जादा धरायला सांगितले. त्या वेळी मला माझ्या कसबाचा अभिमान वाटला होता. त्या तिघींपैकी कुणाला कावीळ होऊन गेली होती का, कुणाच्या पायाच्या शिरेत कधी रक्त गोठलं होतं का, हे विचारायचं मला सुचलंही नाही. आजोबांना काय ठाऊक असणार?

सुजातावहिनी पहिल्यांदा आल्या त्या अशाच, गणपतीच्या आधी. नाव बदललं आहे. मागच्या गल्लीत घर. नवरा, विलास, बोटीवर. आठ-नऊ महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने घरी. घरात सासू आणि सहावीतली मुलगी. वहिनी हातखंब्याजवळच्या एका काजूच्या फॅक्टरीत ऑफिसात होत्या. सकाळची बस, संध्याकाळची बस. बोलणं कमी, हिशेबी, हसतमुख. गणपतीची गोळी घेऊन गेल्या. नवरात्रात परत आल्या. "भाऊ, घट बसतायत." दिली. मार्गशीर्षात आल्या, गुरुवारचं उद्यापन. माघात आल्या, माघी गणपती. मग घरी सत्यनारायण. मग नणंदेकडे सत्यनारायण. मग वास्तुशांत. मग कुणाचं तरी मुंजीचं जेवण.

पूजा म्हटली की आमच्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही विचारला नाही. पण महिन्यामागून महिने ती पट्टी काढून देताना एक दिवस हात थांबला. एवढ्या पूजा कुणाच्या घरी होत नाहीत. भटजींच्या घरीसुद्धा होत नाहीत.

आणि मला दुसरंही दिसत होतं. गोळ्या बंद झाल्या की चार-पाच दिवसांनी त्या यायच्या आणि रात्री वापरायची मोठी पाकिटं न्यायच्या. एक नाही, चार-चार. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन. पोटात दुखायची गोळी. आठवड्याने पुन्हा पाकीट. बाकीची घरं दोन पाकिटांत महिना काढतात हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक? त्यांची नखं कागदासारखी पांढरी झाली होती. दोन पायऱ्या चढून काउंटरशी आल्या की आधी श्वास घ्यायच्या, मग बोलायच्या. मी रक्तवाढीच्या गोळ्या पुढे सरकवल्या. "ह्या घेत जा, वहिनी. अशक्तपणा वाटतोय." त्या घेऊन गेल्या. एवढंच काय ते माझं विचारणं.

मग मी एक केलं ते सांगायला लाज वाटते. थेट विचारायचं धाडस नव्हतं म्हणून थट्टा केली. "काय वहिनी, तुमच्याकडे पूजा फार हो! आम्हाला प्रसाद कधी?"

त्यांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग हसल्या. "अय्या, विसरलेच की. आणते हं."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना स्टीलचा डबा काउंटरवर ठेवून गेल्या. केळं घातलेला शिरा, वर तुळशीचं पान. घरात पूजा नव्हती. त्यांच्या सासूबाई त्याच दुपारी बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या आणि मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "कसली पूजा? पूजा नाय नि काय नाय. पहाटे उठून शिरा ढवळीत बसली, म्हटलं हिला काय झाला!"

म्हणजे माझ्या एका थट्टेपायी ती बाई, अंगात रक्त नसताना, पहाटे उठून खोट्या पूजेचा खरा प्रसाद करत बसली. मी तो खाल्ला होता. चांगला झाला होता. डबा धुऊन परत दिला आणि पुढच्या महिन्यात पट्टीही दिली.

का दिली? ह्याचं उत्तर मी कितीदा शोधलं. त्यांना बरं वाटायचं म्हणून? वाटायचं हे खरं. गोळ्या चालू असताना त्या माणसात असायच्या. एकदाच, दुकानात कुणी नव्हतं तेव्हा, त्या पुटपुटल्या होत्या, "त्या दिवसांत बसमध्ये जागा मिळाली तरी बसत नाही मी, भाऊ. उठायची भीती वाटते." मी ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागलो. ऐकू न येण्याचा चेहरा. तीच आमच्या धंद्यातली सभ्यता.

शिमग्याच्या आधी एक बातमी पसरली की ड्रग इन्स्पेक्टरची तपासणी चालू आहे, चिठ्ठीशिवाय विकलेली औषधं बघतायत. मी घाबरलो. लाल रेघेचं जे जे होतं त्याला चिठ्ठी मागायला लागलो. त्याच आठवड्यात वहिनी आल्या.

"आता नाही देता येणार. डॉक्टरची चिठ्ठी आणा."

"अहो, पूजा आहे."

"वहिनी, पूजेचं मला माहीत आहे."

त्यांनी पर्स मिटली. मग काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "या वेळी खरंच आहे, भाऊ. शिमग्याची पालखी येतेय घरी."

या वेळी खरंच. कितीतरी महिन्यांतलं ते पहिलं खरं कारण, आणि मी त्याच वेळी नाही म्हटलं. बरं, नाही म्हटलं ते त्यांच्या काळजीने नव्हे. इन्स्पेक्टरच्या भीतीने. काळजीने म्हटलं असतं तर सांगितलं असतं की एवढे दिवस घेतलेली ही गोळी अशी एकदम सुटली की रक्त उसळून येतं, आजच डॉक्टरकडे जा, मी बरोबर येतो. हे मला माहीत होतं. शिकलो होतो. तोंडातून निघालं ते एवढंच, "चिठ्ठी आणा."

पालखीच्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी धावत आली. "काका, आई उठत नाही."

मी गेलो. वहिनी मागच्या पडवीत बाजूला बसवलेल्या होत्या, कारण पालखी यायची होती. भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटलेले. खालची गोधडी भिजली होती, तिच्याखालचं तरटही. ओठ आणि चेहरा एकाच रंगाचे. गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजत होते. सासूबाई दारात उभ्या, आत यावं की पालखीला सामोरं जावं या घोळात. मी रिक्षा मागच्या बाजूला आणायला लावली. वहिनींना हात लावून उचललं तेव्हा लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी या बाईला कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. वजनच नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी रक्त लावायची घाई केली आणि विचारायला सुरुवात केली. "काही गोळ्या चालू होत्या? हॉर्मोनच्या? हे कळणं गरजेचं आहे."

सासूबाई म्हणाल्या, "नाय वो. ती कसली गोळी खातेय! डोका दुखला तरी बाम लावते."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमचं मेडिकल ना? तुमच्याकडून काही नेत होत्या?"

मी म्हटलं, "रक्तवाढीच्या नेल्या होत्या."

खोटं नव्हतं. म्हणून तर अजून झोंबतं. मॅडम बघत राहिल्या. मी भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघत होतो. तेवढ्यात कॉटवरून, डोळे मिटलेलेच, वहिनींचा आवाज आला. "घेत होते. पाळी थांबायच्या."

"कुठून घेत होतात?"

"मुंबईहून मागवायचे."

मॅडम त्यांना खूप बोलल्या. सुशिक्षित बाया असं करतात म्हणून, जिवाशी खेळ म्हणून. मी तिथेच उभा होतो. माझ्या वाटची बोलणी त्या खात होत्या.

गर्भाशयात गाठ होती. मॅडमनी नंतर मला सगळं समजावलं, मेडिकलवाला म्हणून. पॅड तासा-दोन तासांत भरत असेल, रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील, आठवड्याच्या वर जात असेल, दुखण्यापायी माणूस कामावर जाऊ शकत नसेल, तर ते 'बाईच्या जातीला असतंच' म्हणून सोडायचं नाही. तपासायचं. औषधं आहेत, पिशवीत बसवायची साधनं आहेत, गाठ लहान असेल तर नुसती गाठ काढता येते. "दोन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर बहुतेक पिशवी वाचवता आली असती," मॅडम म्हणाल्या. "गोळ्यांनी गाठ झाली नाही. गोळ्यांनी ती लपली." तीन महिन्यांनी पिशवी काढावी लागली. वहिनींना दुसरं मूल हवं होतं, हे मला त्यांच्या सासूच्या तोंडून कळलं. तेही तक्रार म्हणून. "मुंबैहून गोळ्या मागवून पिशवी घालवलान हिने," असं त्या गल्लीत सांगत होत्या.

दोन वर्षांपूर्वी म्हणजे शिऱ्याच्या आधी की नंतर, हे मी कितीदा मोजलं. मी नाही म्हटलं असतं तर त्या डॉक्टरकडे गेल्या असत्या, की पुढच्या मेडिकलमध्ये? मी देत राहिलो ते चुकलं, की एकदम बंद केलं ते? एका बाजूने विचार करायला बसलो की दुसरी बाजू खरी वाटायला लागते.

ऑपरेशननंतर त्या स्वतः दुकानात आल्या. चिठ्ठी काउंटरवर ठेवली. मी औषधं काढली आणि खाली बघूनच विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमचं दुकान बंद झालं असतं. मग बाकीच्या बायकांनी कुठे जायचं?" त्या म्हणाल्या. पिशवी उचलली, दोन पायऱ्या उतरल्या आणि वळून म्हणाल्या, "आणि भाऊ, सगळ्या जगात तुम्ही एकट्यानेच मला कधी काही विचारलं नाहीत."

हे आभार होते की आरोप? त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

त्यानंतर मी विचारतो. लाल रेघेची गोळी चिठ्ठीवरच. कागदाचे ताव बंद केले. "किती दिवस जातं? किती पॅड लागतात?" असं सरळ विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझेच कान तापले. काही बायका उलट पावली गेल्या आणि दुसऱ्या मेडिकलमधून नेतात. एकीने सुनावलं, "औषध विकता की चौकशी करता?" दोघी-तिघी मात्र मॅडमकडे जाऊन आल्या. एक कॉलेजची मुलगी, दुखण्याने दर महिन्याला परीक्षा बुडवणारी, आता औषधावर बरी आहे, आईला घेऊन पेढे द्यायला आली होती. पेढा हातात धरून मी ओशाळलो. हे सगळं मी आधीही करू शकत होतो, त्यासाठी काही वेगळं शिकायचं नव्हतं.

हे इथे संपवता आलं असतं. पण त्या 'मुंबईहून'चं काय झालं ते राहिलं.

विलास पुढच्या सुट्टीत घरी आला तेव्हा एकदा दुपारी दुकानात आला. पाठीच्या दुखण्याचं मलम घेतलं, पैसे दिले, तरी जाईना. माणूस भला, आवाज मोठा, पण त्या दिवशी हळू बोलत होता.

"भाऊ, तुम्ही तिला नेलंत, तुमचे उपकार आहेत. एक विचारू? हिचं मुंबईत कोणी नाही. भाऊ नाही, बहीण नाही. मग हिला मुंबईहून गोळ्या पाठवायचा कोण?"

मी मलमाचं खोकं उगीच सरळ करत होतो.

"विचारलं तर सांगत नाही," तो म्हणाला. "म्हणते, आता काय करायचंय. आई काय काय बोलते. माझं अर्धं आयुष्य समुद्रात जातं हो. मला काय दिसणार? तुम्ही रोज बघता. तुम्हाला काही माहीत आहे?"

"नाही बुवा," मी म्हटलं.

तो मान हलवून गेला. त्यानंतरच्या सुट्ट्यांत मी त्या दोघांना एकत्र चालताना बघितलेलं नाही. दुकानासमोरून तो एकटा जातो, त्या एकट्या जातात. वहिनींनी आजही त्याला काही सांगितलेलं नाही, म्हणजे त्या आजही माझं दुकान सांभाळतायत. हे त्यांच्या डोक्यावर ठेवून मी इथे सभ्य माणूस म्हणून बसलो आहे. नावं बदलून लिहिलं, ही तरी कसली कबुली? मांडवीत ज्याला कळायचं त्याला कळेल, विलासला मात्र कळणार नाही. तो मराठी अंक वाचत नाही, आणि वाचला तरी दुसऱ्याचं नाव बघून पान उलटेल.

तो सध्या बोटीवर आहे. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, हॉस्पिटलच्या वेळी घेतलेला. दोनदा मेसेज लिहून पुसला. हे लिहिताना तिसऱ्यांदा. असं मेसेजवर सांगायचं नसतं अशी माझी समजूत आहे, पण ती समजूत आहे की पळवाट, हेही मला नीट कळत नाही.

विलास, मुंबईहून कोणीही काही पाठवत नव्हतं. त्या गोळ्या मी दिल्या, माझ्या दुकानातून, माझ्या हाताने. हे त्याच्यासमोर उभं राहून सांगणं माझ्याकडे बाकी आहे, आणि आज हे लिहून होईपर्यंत मी ते सांगितलेलं नाही.